ऑफिसातली फाइल मेलने मागवायची, तर फायरवॉल आड का येत नाही?

शनिवारी सकाळी अशिलाचा फोन येतो: बँकेत द्यायला मागच्या वर्षीचा ताळेबंद आजच हवा. कर सल्लागार त्या वेळी गावी असतो आणि फाइल असते ऑफिसातल्या संगणकावर, सगळे मिळून वापरतात त्या शेअर्ड फोल्डरमध्ये. ऑफिसात असता तर दोन क्लिकमध्ये उघडली असती. गावच्या घरातून तो फोल्डर दिसतसुद्धा नाही. दोन्हीकडे इंटरनेट आहे, संगणक चालू आहे, पासवर्ड पाठ आहे, तरी वाट बंद.

त्याच वेळी ऑफिसातल्या त्याच संगणकावर मेल मात्र बिनदिक्कत येत असतात. फोल्डर अडतो आणि मेल का अडत नाही, हे एकदा नीट कळलं की मेलच्याच वाटेने फाइल मागवण्याची एक जुनी, भक्कम पद्धत हाती येते. तिचा धोकाही नेमका त्याच कारणातून येतो, म्हणून दोन्ही एकत्रच समजून घ्यायला हवं.

फायरवॉल काय पाहते

नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर लिहिलेलं असतं की ते कुठल्या पत्त्यावरून आणि कुठल्या पोर्टवरून निघालं, आणि कुठल्या पत्त्याच्या कुठल्या पोर्टवर जायचं आहे. पोर्ट म्हणजे त्या यंत्रावरच्या एकेका सेवेला दिलेला क्रमांक. ऑफिसातल्या कुणी ब्राउझरमध्ये एखादी साइट मागितली की फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, आपल्या तक्त्यात नोंद करते: आतल्या या यंत्राने बाहेरच्या त्या पत्त्याशी बोलणं सुरू केलं आहे. उत्तर आलं की ती तक्ता बघते, नोंद सापडते आणि उत्तर आत सोडते. बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याची नोंद तक्त्यात नसते. असं पॅकेट ती टाकून देते, आणि बहुतेक वेळा 'नाही' इतकंही कळवत नाही. गावचा लॅपटॉप मग ताटकळत बसतो.

म्हणजे फायरवॉलचा मुख्य प्रश्न माहिती कुठल्या दिशेने चालली आहे हा नसतो. बोलणं कुणी सुरू केलं, हा असतो. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसरी अडचण पत्त्याची. ऑफिसातल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तो खाजगी पत्ता आहे. इंटरनेटवर त्याला काही अर्थ नाही, कारण तसेच पत्ते जगभरच्या घरांत आणि कचेऱ्यांत वापरले जातात. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४.३ अब्जच आहेत आणि ते पुरत नाहीत, म्हणून १९९०च्या दशकात ही सोय निघाली: आत कितीही यंत्रं असोत, बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. तोही आता पुरेना, म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये जाऊन 'पोर्ट फॉरवर्डिंग' (बाहेरून आलेलं बोलणं आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सोय) चालू केलं तरी उपयोग होत नाही. ज्या पत्त्यावर बाहेरून यायचं, तो आपल्या राउटरचा नसतोच.

आणि समजा पत्ता मिळाला, तर शेअर्ड फोल्डर थेट इंटरनेटवर उघडावा का? कधीच नाही, हे मी ठामपणे सांगेन. विंडोजचं फाइल शेअरिंग पोर्ट ४४५ वर चालतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस याच सेवेतल्या एका खोटीचा फायदा घेऊन दोन-तीन दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने ती खोट बुजवणारा अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. त्याने नेटवर्कच्या आत पसरताना तीच खोट वापरली, आणि त्याच्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं, त्याच समूहाकडून चालवलं जाणारं कंटेनर टर्मिनल तेव्हा ठप्प झालं. ४४५ बंद ठेवणारी फायरवॉल आपल्याला त्रास देत नाही, राखण करते आहे.

मेलला वाट कशी मिळते

पोस्टात बॉक्स नंबर घेतलेला असतो, तसं मेलचं आहे. पाठवणारा आपल्या घरी येत नाही आणि आपणही त्याच्या घरी जात नाही. तो पत्र पोस्टात टाकतो, आपण सवडीने पोस्टात जाऊन बॉक्स उघडतो. ऑफिसातला मेल प्रोग्रॅम हेच करतो. तो आतून बाहेर जातो, मेल सर्व्हरच्या पोर्ट ९९३ वर बोलणं सुरू करतो आणि विचारतो, काही नवीन आहे का? उत्तरात मेल मिळतात. मेल पाठवायचा असला की तसाच आतून बाहेर जातो, बहुधा पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर. दोन्ही वेळा बोलणं आतल्या यंत्राने सुरू केलेलं असतं, म्हणून फायरवॉलच्या तक्त्यात नोंद असते आणि उत्तर बिनबोभाट आत येतं. गावचा लॅपटॉपही त्याच सर्व्हरकडे आपल्या बाजूने बाहेर जात असतो. दोघेही बाहेर पडतात आणि तिसऱ्याच ठिकाणी भेटतात. एकमेकांच्या दारात कुणी जात नाही.

दर वेळी जाऊन विचारायलाही लागत नाही. मेल वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीत १९९७ साली 'आयडल' नावाची आज्ञा आली. प्रोग्रॅम एकदा जोडला की सर्व्हरला सांगतो, मी इथेच थांबलोय, काही आलं तर कळव. ही जोडणी बराच वेळ शांत राहिली तर सर्व्हर किंवा मधला राउटर ती मेली असं समजून तोडतो. म्हणून प्रोग्रॅमने दर २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा नव्याने द्यावी, असं त्या आज्ञेच्या अधिकृत नियमावलीतच लिहिलं आहे. घरगुती राउटर त्याहून घाईचे असतात, तिथे दहा मिनिटांचं अंतर बरं.

आता फक्त एक पायरी उरते. ऑफिसातल्या संगणकावर मेल वाचणारा माणूस नसून एक छोटा प्रोग्रॅम आहे असं समजा. त्याच्या पेटीत तुमचा मेल येतो: 'ताळेबंदांच्या फोल्डरची यादी पाठव'. प्रोग्रॅम ती आज्ञा वाचतो, फोल्डरमधल्या फाइलींची नावं उत्तरात पाठवतो. तुम्ही यादीतला सातवा क्रमांक मागता. तो ती फाइल अटॅचमेंट म्हणून जोडून पाठवतो. फायरवॉलच्या एकाही नियमाला हात न लावता शेअर्ड फोल्डरमधली फाइल गावच्या लॅपटॉपवर येते.

ही कल्पना इंटरनेटवरच्या वेबपेक्षाही जुन्या वळणाची आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत जगातल्या असंख्य संस्थांकडे इंटरनेटची थेट जोडणी नव्हती, फक्त मेल होता. आपल्याकडे १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पाच आयआयटी आणि बेंगळुरूची विज्ञान संस्था होती, आणि सुरुवातीला तिथला मेल टेलिफोन लाइनवर मॉडेम जोडून ये-जा करत असे. सामान्य माणसाला विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. अशा फक्त मेलवाल्या जगासाठी अमेरिकेत 'एफटीपीमेल' निघालं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत पॉल विक्सी यांनी ते लिहिलं. मेलमध्ये चारपाच ओळी लिहायच्या: अमुक यंत्राशी जोड, या फोल्डरमध्ये जा, ही फाइल आण, संपलं. तिकडचा प्रोग्रॅम ती फाइल आणून मेलने पाठवायचा. मोठी फाइल सुमारे चौसष्ट हजार बाइटांच्या तुकड्यांत यायची, प्रत्येक तुकडा वेगळ्या मेलमध्ये. ते क्रमाने लावायचे, वरखालचा मजकूर कापायचा, जोडायचे आणि मग मूळ फाइल तयार करायची. एक तुकडा हरवला तर सगळं अडून बसायचं. तरीही लोक ते आनंदाने करत, कारण एरवी ती फाइल मिळण्याचा मार्गच नव्हता.

आणि ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. भर समुद्रातल्या शिडाच्या बोटी आजही रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवरच्या अतिशय संथ मेलने 'सेलडॉक्स' या सेवेला एक ओळ पाठवतात: इतक्या अक्षांशापासून तितक्यापर्यंत, इतक्या रेखांशापासून तितक्यापर्यंत, वाऱ्याचा अंदाज हवा. उत्तरात काही किलोबाइटची हवामानाची फाइल येते. जिथे वेबपेज उघडणं अशक्य, तिथे हे चालतं, कारण मेलला दोन्ही टोकं एकाच वेळी जागी असावी लागत नाहीत. जोडणी तुटली तर पत्र मधल्या सर्व्हरवर थांबून राहतं. एसटीतून प्रवास करताना घाटात रेंज जाते तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो.

फाइल फुगते का

मेलचा मूळ नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला, आणि तो साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होता. फोटो किंवा एक्सेलच्या फाइलीतले बाइट त्यातून जसेच्या तसे जाऊ शकत नाहीत. म्हणून अटॅचमेंट 'बेस ६४' नावाच्या लिपीत उतरवतात: तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागाला ६४ ठरलेल्या चिन्हांपैकी एक द्यायचं. तिनाचे चार झाले, म्हणजे फाइल एक तृतीयांशाने वाढली. दर ७६ अक्षरांनंतर ओळ मोडावी लागते, त्याची थोडी भर. एखाद्या सर्व्हरवर अख्ख्या मेलची मर्यादा २५ एमबी असेल, तर त्यात मूळ फाइल १८ एमबीच्या आसपासच मावते. त्याहून मोठ्या फाइलींचे तुकडे करावे लागतात. सेव्हन-झिपसारखे (7-Zip) प्रोग्रॅम ते आपणहून करतात आणि जोडूनही देतात. पण रोज शेकडो एमबी हलवायचे असतील तर ही वाट धरू नये.

आज्ञा कुणाची, हा खरा प्रश्न

इथपर्यंतचं सगळं एखादा होतकरू विद्यार्थी पायथॉन या संगणकभाषेत एका संध्याकाळी लिहू शकतो. धोका इथूनच सुरू होतो. आपण ऑफिसात असा नोकर बसवला आहे जो मेल वाचून फाइली देतो. त्याने कुणाचं ऐकावं?

'ज्या मेलवर माझा पत्ता आहे त्याचं ऐक' हे सगळ्यात पहिलं सुचतं आणि ते साफ चुकीचं आहे. मेलवरचं 'प्रेषक' हे नाव पाकिटाच्या मागे लिहिलेल्या नावाइतकंच असतं, कुणीही काहीही लिहावं. ते तपासण्यासाठी पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन पद्धती आल्या. त्या उपयोगी आहेत, आणि प्रोग्रॅमने त्या तपासल्याच पाहिजेत. पण त्या सांगतात ते इतकंच, की पत्र खरोखर त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, सर्व्हरकडून आलं. ते तुम्हीच लिहिलं, की तुमचा पासवर्ड चोरलेल्या माणसाने तुमच्या खात्यातून लिहिलं, हे त्यांना कळत नाही.

म्हणून आज्ञेसोबत दुसरी खूण हवी, जी मेलच्या खात्यात कुठेच साठवलेली नाही. सगळ्यात चांगली म्हणजे पीजीपीची (मजकूर कुलूपबंद करण्याच्या आणि त्यावर सही करण्याच्या एका पद्धतीची) डिजिटल सही: तिची गुप्त किल्ली फक्त तुमच्या लॅपटॉपवर राहते आणि प्रोग्रॅम सही जुळली तरच हलतो. ते जड वाटलं तर एकदाच चालणाऱ्या संकेतांची यादी छापून पाकिटात ठेवा, वापरला की तो संकेत बाद. मोबाइलवरचा दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड इथे गैरसोयीचा आहे. मेल कधी दहा सेकंदांत पोचतो, कधी दहा मिनिटांनी, आणि तोवर कोड शिळा झालेला असतो. तो वापरायचाच तर मुदत सैल करावी लागते, आणि मग तोच कोड दुसऱ्यांदा चालणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नाहीतर तुमचा जुना मेल हाती लागलेला माणूस तोच पुन्हा पाठवून फाइल मिळवेल. पीजीपीच्या सहीलाही हेच लागू आहे, म्हणून सही केलेल्या मजकुरातच तारीख आणि चढता क्रमांक असावा.

दुसरं कुलूप फोल्डरवर. प्रोग्रॅमकडे फाइलीचा पूर्ण पत्ता लिहून काही मागता येऊ नये. 'दोन टिंबं आणि तिरकी रेघ' म्हणजे एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जाणं; आज्ञेत ते तीनदा लिहिलं की ताळेबंदांच्या फोल्डरमधून निघून संगणकाच्या मुळाशी पोचता येतं. वेब सर्व्हरही या जुन्या चालीला वर्षानुवर्षं बळी पडले आहेत. यादीतला क्रमांकच मागता यावा, आणि प्रोग्रॅमला फक्त एका फोल्डरचे, फक्त वाचण्याचे अधिकार असावेत. त्यासाठी विंडोजमध्ये वेगळा, साधा वापरकर्ता बनवा आणि प्रोग्रॅम त्याच्याच नावाने चालवा. फाइल बदलण्याची, पुसण्याची किंवा एखादा प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञा मेलने देता येऊ नये, कितीही सोयीची वाटली तरी.

तिसरं, उत्तर कुठे जाणार हे प्रोग्रॅममध्येच पक्कं लिहून टाका. मेल कुठूनही आला तरी फाइल ठरलेल्या एकाच पत्त्यावर जाईल, आणि तो पत्ता आज्ञा देणाऱ्या खात्याहून वेगळा असेल. मग एक खातं फुटलं तरी चोराच्या हाती फाइल पडत नाही. मला या सगळ्या उपायांत हा सर्वात जास्त आवडतो, कारण त्याला गणित लागत नाही आणि तो विसरला जात नाही.

अटॅचमेंटची एक प्रत तुमच्या पाठवलेल्या मेलांत राहते, एक मिळालेल्या मेलांत, आणि मधल्या सर्व्हरच्या बॅकअपमध्येही राहू शकते. मेलची वाट कुलूपबंद असली तरी सर्व्हरवर पत्र उघडंच असतं. अशिलाचा पॅन, पगार, बँक खातं अशा माहितीला ते चालणार नाही. फाइल पाठवण्याआधी प्रोग्रॅमनेच ती पीजीपीने बंद करावी.

एक लहानशी पण छळणारी गोष्ट राहिली. ठरलेल्या पत्त्यावर 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप उत्तर लावलेलं असेल, तर प्रोग्रॅम त्या उत्तराला आज्ञा समजून 'समजलं नाही' असं कळवेल, त्यावर पुन्हा सुट्टीचं उत्तर येईल, आणि रात्रभरात दोन्ही पेट्या भरतील. आपोआप पाठवलेल्या मेलवर तशी खूण करण्याची प्रमाणित पद्धत आहे. प्रोग्रॅमने स्वतःच्या मेलवर ती खूण करावी आणि दुसऱ्याच्या मेलवर ती दिसली तर गप्प बसावं.

हे तुमचं स्वतःचं ऑफिस असेल तर निर्णय तुमचा. पण नोकरीच्या ठिकाणी, आयटी विभागाला न विचारता असं काही बसवू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने 'टर्ला' या हेरगिरी करणाऱ्या गटाचं एक हत्यार उघड केलं. ते संगणकात शिरून आउटलुकमध्ये लपत असे, मेलमधल्या पीडीएफ अटॅचमेंटमधून आज्ञा वाचत असे आणि फाइली मेलनेच बाहेर पाठवत असे. जर्मनीचं परराष्ट्र खातंही त्याच्या बळींत होतं. रचना बघा, वर सांगितलेलीच आहे. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या माणसाला तुमचा प्रामाणिक प्रोग्रॅम आणि ते हत्यार यांत बाहेरून फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही करता येत नाही. कंपनीने मेलसाठी वाट मोकळी ठेवली, ती माणसांनी पत्रं लिहावीत म्हणून. तिचा दुसरा उपयोग करायचा तर लेखी परवानगी हवी. बऱ्याचदा विचारायला गेलं की आयटीवाले व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारी कुलूपबंद वाट, देऊन टाकतात, आणि मग मेलची गरजच उरत नाही.

व्हीपीएन मिळत असेल तर तेच घ्या. फाइली सारख्या बदलत असतील, तर सिंकथिंगसारखा प्रोग्रॅम दोन यंत्रांतले फोल्डर आपोआप सारखे ठेवतो. थेट भेट होत नसेल तर तोही दोन्हीकडून बाहेर पडून मधल्या रिले सर्व्हरवर भेटतो. मेलची पद्धत शोभते ती अधूनमधून एखादी लहान फाइल लागणाऱ्या, कमजोर नेटवर्कवर असणाऱ्या माणसाला.

बसवताना मेलसाठी वेगळं खातं काढा, रोजचं वापरू नका. जीमेल असेल तर साधा पासवर्ड प्रोग्रॅमला चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून काढायला घेतली. त्याऐवजी दुहेरी पडताळणी चालू करून 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. प्रत्येक आज्ञा, कधी आली, कुठली फाइल गेली, हे एका नोंदवहीत लिहिलं जाऊ द्या आणि सोमवारी ती चाळा.

आणि विजेचा विचार करा. संगणक झोपी गेला तर मेल वाचणार कोण? स्लीप बंद ठेवा. शनिवार-रविवारी वीज जाऊन आली तर बहुतेक संगणक बंदच राहतात. सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' असा पर्याय असतो, तो निवडा, आणि प्रोग्रॅम कुणी लॉगिन न करताही सुरू होईल अशा प्रकारे विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावा. मग गावी निघण्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या संगणकाचं बटण भिंतीवरूनच बंद करून पुन्हा चालू करा, ऑफिसचं वाय-फाय सोडून मोबाइलच्या नेटवरून यादी मागवा, आणि यादी आली तरच बॅग भरा.